ती पुडी माझी होती, सिस्टर

शालन सिस्टर,

हौसाक्काला चुकीची गोळी तुम्ही दिली नव्हती. ती गोळी माझ्या बरणीतली होती, पुडी मी बांधली होती, आणि ‘ही कुठली?’ असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो होतो. हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आपल्या पूरमदत पथकात कुणालाच सांगितलेलं नाही. ज्या माणसाला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या तुम्ही नऊ दिवसांपूर्वी गेलात.

पथकाच्या वार्षिक अंकात तुमच्यावर दोन पानं द्यायची ठरलंय. पथकप्रमुख देसाई सर म्हणाले, "तुम्हीच लिहा डॉक्टर, तुमचं आणि सिस्टरांचं चांगलं जमायचं." जमायचं हे खरं आहे. तुमचं गाव, सरकारी दवाखान्यातली नोकरीची वर्षं, निवृत्तीच्या दिवशीचा सत्कार हे सगळं दुसऱ्या कुणीतरी लिहावं. मला येत नाही ते. मला जे येतं ते मी इतकी वर्षं टाळलं.

उचगावच्या बाजूच्या त्या शाळेत पूरग्रस्तांची छावणी लागली होती, तिथं आपली पहिली गाठ. नदी गावांत शिरलेली, माणसं ट्रॅक्टरमधून येत होती, आणि आपलं पथक म्हणजे आपापली कामं सोडून आलेले सहा डॉक्टर, चार नर्सबाई आणि औषधांच्या दुकानाचा एक मालक. मी शाहूपुरीत वीस-बावीस वर्षं एकट्याचा दवाखाना चालवलेला माणूस. मला कुणी काही सांगायची सवय नव्हती. तुम्ही घडीचं स्टूल काखेत मारून आलात, कारण गुडघे धरले होते. आल्या आल्या खडू मागून घेतलात आणि वर्गात अंथरलेल्या प्रत्येक सतरंजीच्या डोक्याशी फरशीवर नंबर घातलात. एक ते बावीस.

मी म्हणालो, "सिस्टर, हे काय हॉस्पिटल आहे काय?"

"पेशंट हायत की. मग?" तुम्ही वरही बघितलं नाहीत.

संध्याकाळी पाळी बदलताना तुम्ही वॉर्डात देतात तसा चार्ज दिलात. प्रत्येक सतरंजीपाशी उभं राहून, मोठ्यानं. पाच नंबर, जुलाब, सकाळपासून चार वेळा, पाणी पितोय. नऊ नंबर, पायाला पत्रा लागलाय, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय. मी मागं उभा राहून हसत होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही मलाच चार्ज द्यायला लावलात. तेरा नंबरच्या म्हातारबांचं काय ते मला आठवेना, तेव्हा तुम्ही म्हणालात, "वीस वर्षं एकेक पेशंट आत घेऊन बघितलासा. बावीस एकदम पडलं की गडबडतंय व्हय?" सगळी छावणी हसली. तेरा नंबरचे म्हातारबा तर जास्तच.

आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही, हे तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. तुम्हीच हेरलंत. पावसात सूर्य दिसत नव्हता, म्हणून कॅलेंडर बघून तुम्ही वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवलं, ‘डॉक्टरांचं जेवण, सातच्या आत’. कुठल्या पेशंटला किती सलाईन गेलं त्याच्या खालीच ते होतं. छावणीच्या भाजीत कांदा-बटाटा असायचा, म्हणून तुम्ही आचाऱ्याच्या शेजारी उभं राहून माझ्यापुरता आमटी-भात वेगळा काढून घ्यायचात. "कांदा न्हाय त्यात. मी बघितलंय. खावा बिनघोर." माझ्या घरी बायको आणि आई सोडून एवढी आठवण कुणी ठेवलेली नाही. त्याबद्दलही मी तुमचे आभार मानले नाहीत. पंगतीत बसल्यासारखा बसलो आणि जेवलो.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. तुमचा नियम होता की छावणीत सुट्टी गोळी नको. पाकिटातली गोळी, नावासकट कापून द्यायची, म्हणजे पुढच्या दवाखान्यात गेलं तरी काय चालू आहे ते कळतं. माझ्या दवाखान्यात त्या वेळी बरण्या होत्या. कोल्हापुरातल्या जुन्या दवाखान्यांत असतात तशा, फळीवर ओळीनं, चिठ्ठी न लावलेल्या. वरच्या ओळीतली तिसरी तापाची, चौथी खोकल्याची. हात आपोआप तिकडं जायचा. मी म्हणायचो, "सिस्टर, इथं कुणी पगार घेऊन आलेलं नाही. फुकट करतोय आपण. एवढं काटेकोर कशाला?"

"फुकट म्हणून पेशंटचं काळीज येगळं असतंय व्हय डॉक्टर?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणताय ते सांगा की."

हा वाद तिथंच राहिला. मला तेव्हा खरंच वाटायचं की आपण स्वतःहून आलोय, घरदार सोडून चिखलात उभे आहोत, तर आपल्याला थोडी सूट असावी. कुणी तोंडावर बोललं नाही तरी स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या आम्हा बऱ्याच डॉक्टरांच्या मनात हे असतं. तुमच्या मनात नव्हतं.

चौथ्या दिवशी बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांची पाकिटं संपत आली. पूरग्रस्तांत निम्मी म्हातारी माणसं, औषधं घरात पाण्याखाली. नवा साठा उद्या येणार होता. तुम्ही म्हणालात, उद्यापर्यंत जरुरीचं तेवढंच देऊ, बाकीच्यांचं बीपी मोजत राहू. मी दुपारी शाहूपुरीला जाऊन आलो आणि दवाखान्यातल्या दोन बरण्या एका लाकडी ट्रेमध्ये घालून आणल्या. टेबलावर माझ्या बाजूला, वर टॉवेल टाकून ठेवल्या. डाव्या हाताला बीपी, उजव्या हाताला शुगर. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, बारक्या. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता.

चार वाजता पत्र्यातून गळायला लागलं. कुणीतरी माझं टेबल उचलून आतल्या भिंतीला लावलं. मी तेव्हा दुसऱ्या वर्गात होतो. ट्रे सरळ उचलून पुन्हा ठेवला असेल, पण तो फिरला. डावं उजवीकडं गेलं. दवाखान्यातली फळी कधी फिरत नाही, सिस्टर. म्हणून बरणीत बघायची सवयच माझ्या हाताला नव्हती.

सात वाजत आले होते. मी घाईनं तीन पुड्या बांधल्या. तुम्ही आलात आणि म्हणालात, "दिवस बुडायला लागलाय. जावा तुम्ही जेवायला, मी वाटते." मी पुड्या तुमच्या हातात दिल्या. तुम्ही एक उघडून बघितलीत.

"ही कुठली?"

"बीपीची. पाकिटं भिजली होती, काढून वाळवली."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि मान हलवलीत. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून विश्वास ठेवलात. मी जाऊन तुम्ही काढून ठेवलेला आमटी-भात खाल्ला.

सतरा नंबर म्हणजे हौसाक्का. तिला बीपी होतं, साखर नव्हती. दावणीची म्हैस पाण्यात गेली म्हणून ती दोन दिवस नीट जेवत नव्हती. सकाळी उजाडल्यावर सून तिला उठवायला गेली तर अंग घामानं भिजलेलं, सुनेला ओळखेना, म्हशीचंच नाव घेऊन बडबडत होती. मी पोचलो तोवर तुम्ही बोटाला सुई टोचून साखर बघितली होती. यंत्रावर आकडाच येत नव्हता, इतकी ती उतरली होती. तुम्ही तिच्या गालाच्या आत साखर चोळत होता आणि दुसऱ्या हातानं शीर शोधत होता. म्हातारीची शीर मला सापडली नसती. तुम्हाला सापडली. ग्लुकोज गेलं, पाच मिनिटांत तिनं डोळे नीट उघडले आणि पहिलं काय बोलली तर, "सिस्टर, माझी म्हस घावली व्हय?"

तुम्ही हसलात. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणालात, "हिला शुगर न्हाय. मग उतरली कशी?"

मला त्या क्षणी कळलं होतं. पुढचे दोन शब्द बोलायला काही लागत नव्हतं. मी म्हणालो, "उपाशी आहे ना दोन दिवस."

तुम्ही तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सरकारी दवाखान्यात घेऊन गेलात, सलाईनची बाटली स्वतः वर धरून, कारण शुगरच्या गोळीनं उतरलेली साखर ग्लुकोजनं वर आली तरी पुन्हा उतरते हे तुम्हाला माहीत होतं. गोळी कुठली ते माहीत नसताना तुम्ही ती काळजी घेतलीत. की तेव्हाच माहीत होतं?

तुम्ही गेल्यावर मी काय केलं ते सांगतो. त्याच ट्रेमधल्या आणखी दोन पुड्या दोघांना गेल्या होत्या. मी आधी त्यांच्याकडं गेलो, तपासलं. ते पोटभर जेवलेले होते, बरे होते. "गोळी बदलून देतो" म्हणून पुड्या परत घेतल्या आणि दिवसभर दोन-दोन तासांनी त्यांची साखर बघत राहिलो. एवढं डॉक्टरासारखं वागलो. नंतर दोन्ही बरण्या टॉवेलात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवल्या. हे कुणासारखं वागलो ते तुम्हीच सांगितलं असतंत.

दवाखान्यात सुनेनं उरलेल्या गोळ्या दाखवल्या, तिथल्या डॉक्टरांनी ओळखल्या. दुसऱ्या दिवशी देसाई सरांनी सगळ्यांना शाळेच्या ऑफिसात बसवलं. हौसाक्का बरी होती, कुणाची तक्रार नव्हती. सर रागावलेलेही नव्हते. त्यांना फक्त नोंद करायची होती. त्यांनी विचारलं, "सतरा नंबरला गोळी कुणी दिली?"

तुम्ही म्हणालात, "माझ्या हातनं गेली, सर."

एवढंच. पुडी कुणी बांधली, ते तुम्ही बोलला नाहीत. मग तुम्ही माझ्याकडं बघितलंत. फार वेळ नाही. मला आता वाटतं, तुम्ही मला बोलायला जागा करून दिली होती. डॉक्टरनं आपलं आपण सांगावं, नर्सनं त्याचं नाव घ्यायला लागू नये, एवढा मान तुम्ही मला दिला होता. मी समोरच्या नकाशाकडं बघत बसलो. सरांनी वहीत लिहिलं, ‘औषध देताना सिस्टरांकडून चूक’.

मी गप्प का बसलो याची कारणं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितली आहेत. आई आजारी होती, गावात बोभाटा झाला असता, माणूस तर वाचलं होतं. खरं कारण त्या ऑफिसात बसल्या बसल्या माझ्या मनात आलं होतं आणि ते असं होतं की तुमची नोकरी संपलेली आहे, माझा दवाखाना चालू आहे. तुम्हाला काय फरक पडतो? हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. लिहून झाल्यावर वाचवत नाही.

फरक पडला तो पुढच्या पुरात. पथकाची यादी लागली. औषधाच्या टेबलावर मी, आणि दारात नावं लिहून घ्यायला तुम्ही. तीस वर्षांहून जास्त वॉर्ड सांभाळलेली बाई दारात वही घेऊन बसली. मला वाटलं तुम्ही येणारच नाही. तुम्ही आलात, घडीचं स्टूल घेऊन. एका नव्या डॉक्टरणीनं विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या गावच्या? तुमचं घर पण गेलं का पाण्यात?" तिला तुम्ही पूरग्रस्त वाटलात. तुम्ही म्हणालात, "न्हाय बाई, आमचं घर उंचावर हाय. आमी नुसतं बसायला येतोय." मी टेबलावरून ऐकलं. खाली मान घालून पाकिटं कापत बसलो. नावासकट, तुमच्या पद्धतीनं.

त्या पुरात फळा नव्हता, पण सातच्या आधी माझं ताट आलंच. दारातून उठून तुम्हीच आणलं होतं. मला ते ताट परत पाठवायचं होतं. तुम्ही उभ्या होता. म्हणून जेवलो.

एकदा तुम्ही दवाखान्यात आलात, गुडघ्यासाठी. बसल्या बसल्या फळीकडं बघितलंत. फळीवर सगळी पाकिटं, खोक्यांतून, नावं लावून.

"बरण्या कुठं गेल्या डॉक्टर?"

"काढल्या."

"कवा?"

"त्या पुरानंतर."

तुम्ही एका खोक्यावरचं नाव वाचलंत. मग म्हणालात, "बरं केलासा."

बरण्या छावणीत आल्या होत्या हे तुम्हाला कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. पुडी बदलून घेतलेल्या त्या दोघांपैकी कुणीतरी बोललं असेल. पेशंट तुम्हाला सगळं सांगायचे. पण त्या दिवशी मला पक्कं कळलं की तुम्हाला माहीत आहे. दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. एवढी सोय पुन्हा कधी झाली नसती. मी तुमच्या गुडघ्यावर बोलायला लागलो. जिना टाळा, मांडी घालून बसू नका. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. जाताना म्हणालात, "येवढंच व्हय सांगायचं?" मी म्हणालो, "एवढंच."

मला तुमचा कधी कधी राग आला, हेही सांगतो. तुम्ही एकदा भांडला असतात तर बरं झालं असतं. देसाई सरांना जाऊन सांगितलं असतंत तर मी दोन दिवस तुम्हाला नावं ठेवली असती आणि मोकळा झालो असतो. तुम्ही तसं केलं नाहीत. तुमचं हे गप्प राहणं मोठेपणाचं होतं की माझ्यावर ओझं ठेवण्याचं, ते मला अजून ठरवता येत नाही. कदाचित तुम्ही त्याचा माझ्याएवढा विचारही केला नसेल. तुम्हाला दुसरी कामं होती.

शेवटी तुमचं हृदय दमायला लागलं तेव्हा मी घरी आलो होतो. पायावर सूज होती. तुम्ही खाटेवर टेकून बसला होता आणि वैशाली, तुमची लेक, शेजारी गोळ्या मोजून डबीत भरत होती. तीही आता नर्स. तुम्ही म्हणालात, "डॉक्टर, हिला पथकात यायचंय. घ्या तिला. पण टेबलावर घ्या, दारात बसवू नका." वैशाली हसली. तिला वाटलं आई वशिला लावतेय. मी "हो हो" म्हणालो, पायाची सूज दाबून बघितली, आणि निघालो. त्यानंतर आपली भेट नाही.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला हौसाक्का आली होती, नदीपलीकडून, सुनेला घेऊन. आता पाठीत वाकलीय. बायकांत बसून मोठ्यानं सांगत होती, "ह्या बाईनं मला साखर चाटवून माघारी आणलंय. न्हायतर म्हशीच्या मागनं मी बी गेलती." मागं पथकातलं कुणीतरी कुणाला तरी बोललं, "पण गोळी बी त्यांनीच दिलती न्हवं?" वाईट हेतूनं नाही. माहीत असलेली गोष्ट माणूस बोलतो तसं. वैशालीनं ते ऐकलं.

रविवारी शोकसभा झाली. मला बोलायला लावलं. मी सेवाभाव म्हणालो, निःस्वार्थी म्हणालो, पथकाचा आधारवड म्हणालो. तुम्ही समोर असता तर "आता बास करा की डॉक्टर" म्हणाला असता. सभा संपल्यावर वैशाली जिन्यात माझ्यापाशी आली.

"डॉक्टर, एक विचारू? आईनं खरंच चुकीची गोळी दिलती?"

"त्या गडबडीत अगं... कुणाचंही होऊ शकतं."

"आई कधी बोलली न्हाय त्यावर. मी दोनदा विचारलं. म्हणायची, ते माझं सांगायचं न्हाय."

ती माझ्याकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बरं. पथकात माझं नाव घालू नका एवढ्यात. लोक म्हणतील, आईसारखीच." आणि खाली गेली. मी जिन्यात उभा राहिलो. देसाई सर गाडीशी थांबले होते, मी त्यांच्याबरोबर घरी आलो. वाटेत ते म्हणाले, "लेख दोन पानांपेक्षा मोठा नको."

तो मोठा झालाय, सिस्टर. सरांना मी तो असाच देणार आहे, आणि वहीतली ती ओळ खोडून तिथं माझं नाव लिहायला सांगणार आहे. ते सोपं आहे. कागद आहे तो. छापून आलं की लोक चार दिवस बोलतील. काही पेशंट सोडून जातील, ते जाऊ देत.

पण वैशालीनं विचारलं होतं ते तोंडानं, समोर उभं राहून. तिला अंकात वाचायला लावणं म्हणजे पुन्हा नकाशाकडं बघत बसणं झालं. म्हणून अंक छापायला जाण्याआधी मला उचगावला तुमच्या घरी जायचं आहे आणि तिला सांगायचं आहे की नाही, तुझ्या आईनं चुकीची गोळी दिली नाही, मी दिली. मग नदीपलीकडं जाऊन हौसाक्कालाही तेच सांगायचं आहे. कालही निघालो होतो, पेशंटचा फोन आला म्हणून परत फिरलो. फोन साध्या तापाचा होता.

वैशालीला आणि हौसाक्काला मी हे एक वाक्य देणं लागतो. अजून दिलेलं नाही.